कुसकुसच्या पातेल्यातले पिस्टन

५ फेब्रुवारी

आज हद्द झाली! कुसकुसचं मोठं पातेलं तासभर शोधत होते, तर ते गॅसवरच — आणि आत चार पिस्टन उकळतायत, अंडी उकळावीत तसे! शेजारी मोंजी, हातात माझा चिमटा. म्हणतो, "गरम झाले की पिन अलगद निघते."

पिन निघते म्हणे! आईनं लग्नात दिलेलं पातेलं ते. आता जन्मभर कुसकुसला तेलाचा वास येणार. नवरा निवृत्त झाला की घरात बसतो हे ऐकून होते. माझा नवरा इंजिन घेऊन बसलाय! ती जुनी ४०४ गाडी दहा वर्षं अंगणात गुपचूप पडली होती, तिला काय धाड भरली होती? आणि ह्याला तरी चांगलं चाललेलं गॅरेज सोडायची काय घाई होती? "कंटाळा आला." बस्स. एवढंच उत्तर.

१२ फेब्रुवारी

"रादिया, वाच." "उल्फा, वाच." दिवसभर हेच. मापाचं यंत्र स्वतः धरतो आणि आकडे आम्ही वाचायचे. मी म्हटलं, तीस वर्षं गॅरेजात काय मी येत होते वाचून दाखवायला? म्हणे, "हात तेलकट आहेत."

हात तेलकट, डोळे नाहीत ना!

उल्फाची परीक्षा तोंडावर आलीय आणि पोरगी बापाचे बोल्ट मोजतेय. वर संध्याकाळी ह्यानं कॉफी केलीन माझ्यासाठी — मोठा उपकार! — तर तीत मीठ. मुद्दाम! मी कप तिथेच उपडा केला.

१ मार्च

आज सांगून टाकलं. ईदच्या आत हे धूड चालू होऊन घराबाहेर गेलं नाही, तर मी गाबेसला बहिणीकडे जाईन. कायमची.

मोंजी मान वर न करता म्हणाला, "ईदला मी तुला ह्याच गाडीतून नेणार गाबेसला."

लोत्फी खिदळला. "वहिनी, म्हणजे सोडून जायलासुद्धा तुम्हाला गाडी आमचीच!"

दीर म्हणून ऐकून घेतलं. दोघेही एका माळेचे मणी. पण मी थट्टा केली नव्हती. बॅग पलंगाखालून काढून ठेवलीय.

१७ मार्च

रमजान आठवड्यावर आला. सगळी गल्ली घरं धुतेय, मी काय मागे राहू? गालिचे गच्चीवर टाकले, भिंती पुसल्या. मग मागच्या खोलीतलं ते लोखंड — तेही धुतलं. रॉकेलनं, मग साबणानं. प्रत्येक तुकड्याला काळाकुट्ट, चिकट दोरा बांधलेला होता. सगळे कापले आणि कचऱ्यात टाकले. भांडी लावावीत तसं आकारानं नीट लावून ठेवलं. वाटलं, बघून खूश होईल!

आला. फडताळावरून हात फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. आणि असा ओरडला की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"दोरे कुठायत?"

"कचऱ्यात! घाण झाली होती नुसती."

"एक गाठ पहिल्याची, दोन दुसऱ्याची! जो तुकडा जिथला तिथेच बसतो गं. नाहीतर हे इंजिन स्वतःलाच खाईल!"

मीही ओरडले. "अरे, लोखंडावर तूच ठिपके ठोकलेत की! एक, दोन, तीन, चार. मलासुद्धा दिसतात, तू तर मेकॅनिक!"

तो खालीच बसला. मग हळूच म्हणाला, "मग तूच सांग. एकेक करून."

संध्याकाळपर्यंत मी ठिपके मोजले आणि त्यानं नवे दोरे बांधले. ठिपके असताना दोरे कशाला? हट्ट! नुसता हट्ट! भिंती अर्ध्याच राहिल्या.

२ एप्रिल

उपासानं माणसाचं डोकं फिरतं म्हणतात. ह्याचं आधीच फिरलेलं होतं, आता तोंडही सुटलंय. उल्फानं बोल्ट आवळायचे आणि ह्यानं कान लावून बसायचं — "अजून थोडा. बस्स!" पोरगी रडली आज. मी त्याच्यापुढे सूप आदळलं.

१९ एप्रिल

ईदसाठी केस खांद्यापर्यंत कापले, रंगही लावला. लोत्फीसुद्धा म्हणाला, "वा, वहिनी!" मोंजीनं माझ्याकडे तोंड करून विचारलं, "पाना पाहिलास का?"

बॅग भरली.

२० एप्रिल

चालू झालं! दोनदा खोकलं, मग लागलं एका सुरात. गल्ली गोळा झाली. लोत्फी रडला, उल्फा नाचली. माझेही डोळे भरले — धुरानं. मोंजीनं इंजिनवर तळवा ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात.

मग सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. पहिले हजार किलोमीटर सत्तरच्या वर जायचं नाही."

लोक हसले. वीस वर्षांपूर्वी मी लायसन्स काढलं, तेव्हा हाच म्हणाला होता, "क्लच जाळशील." एकदाही स्टिअरिंगवर बसू दिलं नाही. आणि आता भर अंगणात माझी थट्टा! किल्ली मी पिठाच्या डब्यात फेकली.

२२ एप्रिल, गाबेस

ईदचा दुसरा दिवस. किल्ली पिठातून काढून आणून दिली त्यानं, कोपरापर्यंत पांढरा झाला होता. थट्टा नव्हती तर!

पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पाडली. वाटलं, आता क्लचवरून ऐकवणार. तर हा विचारतो, "हिरवा झाला का?"

"समोरच तर आहे!"

"रादिया, मला खांबही दिसत नाही."

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरनं सांगितलं होतं — डोळे जाणार, उपाय नाही. म्हणून गॅरेज सोडलं. मागे हॉर्न वाजत होते. मी वाटेतल्या महारेस गावापर्यंत त्याच्यावर ओरडत राहिले. दोऱ्यांना सांगितलंस, मला नाही?

"पूर्ण जायच्या आत तुला गाडी चालू करून द्यायची होती," म्हणाला. "आता तिसरा गिअर टाक. ओरडतेय बिचारी."

२४ एप्रिल

घरी आलो. मिठाच्या बरणीला एक गाठ बांधली, साखरेच्या बरणीला दोन. केस कापलेत, तेही सांगितलं.

राग अजून गेलेला नाही.