गरजू पाहिजेत

५ ऑक्टोबर, सोमवार
रोजनिशी लिहायचं ठरवून किती दिवस झाले ते लिहिणार होतो, पण त्यासाठी मागचं आठवावं लागेल. राहू दे. उशीर माझ्यामुळे झालेला नाही. आधी वही नव्हती. वही मिळाली तर पेन नव्हतं. पेन मिळालं तर समोरच्या इमारतीवर दोन रंगारी दोरीला लोंबकळून भिंत रंगवायला लागले. माणसं लोंबकळत असताना आपण मान खाली घालून लिहीत बसणं बरं दिसत नाही.

तर नोंद अशी. खरं म्हणजे मी नदीपलीकडे निघालो होतो, पण इथल्या चर्चला माझी गरज पडली. मी चर्चच्या पायरीवर विचार करत बसलो होतो. बराच विचार होता, रात्रही तिथेच झाली. सकाळी पाळकसाहेबांची बायको (सगळे तिला बाई म्हणतात) बाहेर आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, काय रे, बटाटे सोलता येतात का? म्हटलं, येतात. (येत नाहीत.) म्हणाली, गरजूंसाठी दर शनिवारी मोफत जेवण सुरू करायचं म्हणतोय, एक माणूस हवाच होता. एवढं बोलेपर्यंत तिने माझ्यापुढे ताट ठेवलंसुद्धा. इंटरव्ह्यू असा आटोपशीर हवा.

पोस्ट : को-ऑर्डिनेटर. हॉलच्या मागची खोली मला दिली आहे. सोबत मोडक्या खुर्च्या आणि बिघडलेला ऑर्गन.

७ ऑक्टोबर, बुधवार
मीटिंग. चर्चच्या मंडळीचे खजिनदार आले होते. कोट असा कडक, की माणूस आत नसला तरी उभा राहील. म्हणाले, हॉल फुकट अडकवून ठेवलाय, डान्स क्लासवाले मागे लागलेत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः येऊन बघणार. गरजू जेवताना दिसले तर जेवण चालू, नाहीतर स्वयंपाकघराला कुलूप. आणि मागच्या खोलीलाही.

मी म्हणालो, साहेब, त्या दिवशी रांग मेन रोडपर्यंत जाईल. खजिनदार हसले नाहीत. त्यांना ते येत नसावं.

पाळकसाहेबांनी पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट सांगितली. त्यात पाच हजार माणसं जेवली. चांगली आहे, पण तिथे माणसं आपली आपण आली होती. आमच्याकडे उलटं आहे. भाकरी तयार, पाच हजार गायब.

जेवणाआधी उपासना ठेवावी का, असं पाळकसाहेबांनी माझं मत विचारलं. मी म्हणालो, आधी पोटोबा. म्हणीचा पुढचा भाग वेळेवर गिळला.

१० ऑक्टोबर, शनिवार
दारात मोठा फळा लावला. ‘गरजूंसाठी मोफत जेवण. गरजूंनी आत यावे.’ अक्षर माझं. ‘गरजू’ दोन्हीकडे लाल खडूने.

एक जण थांबला. वाचलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच निघून गेला. पायात चपला होत्या.

बाकी कोणी नाही. सूप आणि पाव मी खाल्ले. क्वालिटी कोणीतरी तपासायलाच हवी. बाईंनी तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा तिसऱ्यांदा तपासली.

१२ ऑक्टोबर, सोमवार
सर्व्हे. गरजू येत नसतील तर आपण गरजूंकडे जायचं. समोरच्या इमारतीपासून सुरुवात.

पहिलं दार : शिवणकाम करणाऱ्या मावशी. एकट्याच राहतात. मी अदबीने विचारलं, मावशी, तुम्ही गरजू आहात का? म्हणाल्या, गरजू असतील तुझे सोयरेधायरे! नवरा गेला तेव्हा कोणापुढे हात पसरला नाही, आता तुझ्या वाटीभर सुपासाठी पसरू होय रे मेल्या? शिलाई मशीनवर कापड टाकलेलं होतं आणि कापडावर धूळ. कामाची गडबड नसल्यामुळे मला सावकाश, सविस्तर रागावल्या.

दुसरं दार : वेल्डर. भर दुपारी बनियनवर, मांडीवर बाळ. म्हणाला, आपलं मोठं कॉन्ट्रॅक्ट येतंय, आज-उद्या फोन येईलच. त्याची बायको आतून म्हणाली, चार महिने झाले, आज-उद्याच चाललंय. गमतीशीर जोडपं आहे.

निष्कर्ष : या इमारतीत कोणी गरजू नाही. सुखी वस्ती.

१४ ऑक्टोबर, बुधवार
पुढच्या गल्लीचा सर्व्हे करायचा होता. वाटेत पुलावर क्रेन आली होती. क्रेनवाल्याला दोन-तीन सूचना केल्या. त्याने ऐकल्या नाहीत, तरी थांबावं लागलं. सर्व्हे उद्या.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
क्रेन अजून आहे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
संकट. मंडळीतल्या एका भाजीवाल्याने बटाट्यांची पोती पाठवली. बाई आजारी बहिणीकडे गेलेल्या. मी सोलायला बसलो. बटाटे कमी झाले नाहीत, अंगठा कमी झाला.

अंगठ्याला फडकं गुंडाळून समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहिलो आणि ओरडलो, अहो, कोणाला बटाटे सोलता येतात का? या हो कोणीतरी, अब्रू जायची वेळ आलीय!

शिवणमावशी स्वतःची सुरी घेऊन उतरल्या. अंगठा बघून म्हणाल्या, बटाटा सोलायचा होता रे, स्वतःला नव्हे. मागून वेल्डर, त्याची बायको, कडेवर बाळ. वरच्या मजल्यावरची आणखी तीन-चार माणसं. पोती रिकामी झाली. मी देखरेख केली.

१७ ऑक्टोबर, शनिवार
न बोलावता सगळे पुन्हा आले. वेल्डरने शेगडी दुरुस्त केली. मावशींनी मीठ हातात घेतलं ते कोणाला दिलंच नाही. गलका इतका, की पाळकसाहेब उपदेश लिहायचा सोडून पाव कापायला बसले.

मग बाई म्हणाल्या, आता जेवल्याशिवाय जायचं नाही हं कोणी, आम्हाला वाईट वाटेल. मावशी आधी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, मीठ बघते तेवढं. मीठ बघता बघता दोन वाट्या झाल्या. वेल्डरने तर पावाने पातेलं पुसून काढलं. वर घरी चव दाखवायला म्हणून डबाही भरला. घरातली सगळी माणसं तर इथेच बसली होती!

मी दारात उभा. गरजू : शून्य. सूप : तेही शून्य. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार.

१९ ऑक्टोबर, सोमवार
पाळकसाहेबांकडे रीतसर तक्रार केली. म्हणालो, काम करणारे एवढे आणि गरजू एकही नाही. हे मदतनीस सगळं खाऊन टाकतात. खजिनदार आले तर दाखवायचं काय? पाळकसाहेबांना खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले. म्हणाले, असू दे, चालू दे. चांगला माणूस आहे, पण मॅनेजमेंटचं डोकं नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार
आज तर कहर. एका कांद्यामागे तीन माणसं. मावशींनी शेजारच्या इमारतीतून मैत्रीण आणली. तिलाही म्हणे मदतीची फार आवड.

शेवटी कोणीतरी कणखर व्हायला हवं. सूप उकळत असतानाच फळा आत आणला आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवला. ‘जेवण फक्त गरजूंसाठी. मदतनीसांनी जेवू नये.’

 मावशींनी सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली. म्हणाल्या, बरं झालं बाबा सांगितलंस, माझं दूध गॅसवर राहिलंय. वेल्डरला फोनची आठवण झाली. मैत्रीण मावशींच्या मागोमाग गेली. वेल्डरची बायको तेवढी दारात वळून म्हणाली, साहेब व्हायला शिकलास रे.

बघता बघता हॉल रिकामा. याला म्हणतात शिस्त. भरलेलं पातेलं गरजूंसाठी राखून ठेवलं.

संध्याकाळ : अजून राखून ठेवलेलं आहे.

२५ ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर बाईंनी फळा वाचला. तळहाताने पुसला. मग म्हणाल्या, अरे शहाण्या, ज्याच्या घरी चूल पेटली नाही तो काय लाल अक्षर वाचून आत येतो? तो विचारतो, काही हातभार लावू का.

मी म्हणालो, जो काम करतो तो गरजू कसा? बाईंनी विचारलं, तुला बटाटे सोलता येत होते का? मी म्हणालो, माझी गोष्ट वेगळी, माझी नेमणूक झालीय. त्या म्हणाल्या, बरं. आणि फळा लावायच्या आधी पहिलं ताट वाढलं, ते कोणाला रे? मी म्हणालो, ती ट्रायल होती.

बाईंनी खडूचा हात पदराला पुसला. मला ते पुसणं आवडलं नाही.

२८ ऑक्टोबर, बुधवार
रुसवा आपोआप जातो, असं ठरवून दोन दिवस वाट पाहिली. गेला नाही. वर गेलो. मावशींनी दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, मशीनवर बसलेय, फार काम आहे. मशीनचा आवाज मुळीच नव्हता. म्हटलं, मावशी, शनिवारी बटाटे फार आहेत. म्हणाल्या, गरजूंकडून सोलून घे.

वेल्डर म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट आलंय. बाळ रडत होतं. बायको त्याला पाणी पाजत होती, चमच्याने. दूध नाही. साधं पाणी.

मी खाली आलो. आज जास्त लिहीत नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
शेवटचा प्रयत्न. लांबच्या गल्ल्यांत जायचं ठरवलं. वाटेत दोघं जण एक अवाढव्य कपाट नेत होते, एका कोपऱ्याला हात लावला. कपाट कुठे जातंय ते न विचारता हात लावू नये. थेट गावाच्या पार टोकाला, उंच फाटकांच्या बंगल्यांपाशी सुटका झाली.

एका फाटकात म्हाताऱ्या आजी उभ्या होत्या. पाणी दिलं. मग सोडेचनात. मी बटाटे, फळा, मावशी, सगळं सांगितलं. फळ्याच्या गोष्टीला इतक्या हसल्या, की फाटक धरावं लागलं. विचारलं, तिथे सगळे एकत्र बसून जेवता का? किती वाजता? म्हटलं, आजी, तुम्हाला काय करायचंय, तुमच्याकडे नोकरचाकर आहेत. सबंध दुपार वाया.

३१ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ
बॅग भरली. घाबरून नाही. नदीपलीकडे जायचंच होतं.

सूप मी एकट्याने केलं. बटाट्यांची सालं अर्धी आत, अर्धी बाहेर. पुष्कळांच्या मते सालं पौष्टिक असतात.

३१ ऑक्टोबर, दुपार
खजिनदार वेळेवर आले. कोटही आला. पहिल्या खुर्चीवर बसले. मांडलेल्या ताटांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते, पण एक डोळा दाराकडे उघडा होता. बाई सूप ढवळत होत्या. त्याला ढवळण्याची काही गरज नव्हती.

खजिनदारांनी विचारलं, किती गरजू आले?

 मी म्हणालो, एक.

म्हणाले, कुठे आहे?

मी म्हणालो, मी.

हॉल रिकामा असल्यामुळे ते दोनदा ऐकू आलं. बाईंच्या हातातला डाव पातेल्यात थांबला.

खजिनदार म्हणाले, स्टाफ धरत नाहीत. मी म्हणालो, मी स्टाफ नाही साहेब. उपाशी पायरीवर बसलो होतो, या बाईंनी बटाटे सोलता येतात का विचारलं. येत नव्हते. अजून येत नाहीत, सूप बघा.

खजिनदारांनी मान लांब करून पातेल्यात पाहिलं. मग म्हणाले, वाईट वाटतं, पण एका माणसासाठी हॉल अडवता येणार नाही. चावी आणा.

चावी आणायला म्हणून खोलीत आलोय. ती खिशातच आहे. तेवढ्यात हे लिहून घेतो, नंतर वही कुठे उघडेन कोणास ठाऊक.

बाहेर गडबड कसली? टॅक्सी थांबली वाटतं.

बघून आलो. कालच्या आजी! एकट्या आल्यात, हातात सुरी, आणि दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा सांगतायत, की घरी चार माणसं वाढायला आहेत पण समोर बसून जेवायला एक नाही, इथे सोबत मिळते असं कळलं, बटाटे कुठायत? समोरच्या इमारतीच्या खिडक्या पटापट उघडतायत. आणि आमचे खजिनदार कोटाची बटणं लावता लावता शाळेतल्या पोरासारखे ताडकन उभे राहिले नि म्हणाले, आई, तू इथे?