तक्रार न करणारं गिऱ्हाईक

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
८ सप्टेंबर २०२५

चि. सुरुचीस आईचे अ. आ.

आणि वर तूच मला फोनवर सांगणार की आई, चिडू नको? चिडू नको तर काय करू! तुझ्या पीएचडीचे ते प्रश्नांचे कागद मी पोळ्यांच्या टेबलावर ठेवले, येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात पेन दिलं, वर चहा पाजला. आणि त्यात तू काय विचारून ठेवलंस, तर हे दुकान बंद झालं तर तुम्ही कुठे जाल? अगं, चालत्या दुकानात असं विचारतात? तुला कोणी विचारलं का कधी, आई मेली तर जेवायला कुठे जाशील?

दोन दिवसांत सगळ्या जेसल पार्कात झालं की वासंतीताई पोळीभाजी बंद करून लेकीकडे कोल्हापूरला चालल्या. वरच्या मजल्यावरची नीलम डोळे पुसत निरोपाचा नारळ घेऊन आली. मी नाही नाही म्हणतेय, तर म्हणे वहिनी, आमच्यापासून काय लपवता. शांती नगरचा एक केटरर माझा मोठा तवा विकायचाय का विचारून गेला. बँकेतल्या जितेंद्रला मी किती वर्षं डबा देतेय, त्याने तर मोबाईलवरून मागवायचा डबा चालू पण केला. विचारलं तर म्हणतो, मावशी, तुम्ही जाणार, मग मला आधीपासून सवय नको का करायला. असा राग आला म्हणून सांगू!

जो येतो तो विचारतो, कधी निघणार. काय सांगू त्यांना? मला तर कोणी बोलावलं पण नाहीये.

गणपतीला पण तू आली नाहीस. मोदक वळताना हाताला सवय, तुझ्यासाठी बिनवेलचीचे वेगळे केले. मग मीच खाल्ले. कसले बेचव लागतात गं, कसे खातेस तू?

फोनवर तुझं दोन मिनिटांत हो आई, बरं आई, ठेवते आई होतं. म्हणून भरलेल्या कागदांच्या पाकिटातच हे घालतेय. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, म्हणजे कळेल.

वेळेवर जेवत जा. रागावलेली असले तरी तुझीच,
आई


कोल्हापूर
१५ सप्टेंबर २०२५

ती. आईस सुरुचीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र खरंच मोठ्याने वाचलं. माझी रूममेट अनुष्का इतकी हसली की खाली बसली. त्या प्रश्नाबद्दल कान पकडते. आमच्या सरांच्या मते प्रश्न अगदी बरोबर आहे, पण सरांना कधी कोणी निरोपाचा नारळ दिलेला नाही.

आता एक सांगते, लाटणं बाजूला ठेवून वाच. तू पाठवलेल्यांतला एकही कागद उपयोगाचा नाही. एक म्हणजे अजिबात नाही आणि पाच म्हणजे अगदी हो, असं होतं ना? तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी सगळीकडे पाच लिहिलेत. भाजी गरम असते का, पाच. भाव परवडतो का, पाच. शेजारी स्वस्त दुकान निघालं तरी इथेच याल का, पाच. जितेंद्रनेसुद्धा पाच, आणि त्याच आठवड्यात त्याने दुसरा डबा लावला! तू त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी असणार. आकडे सगळेच सारखे आले की त्यातून काही कळत नाही गं. माणसामाणसांत फरक दिसायला हवा.

बाकीच्या गावांतल्या दुकानांचे आकडे लावले तेव्हा मात्र एक मजा सापडली. निदान माझ्या आकड्यांत तरी असं दिसतंय, की मीठ कमी, तेल जास्त म्हणून कटकट करणारं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं. सगळं छान आहे म्हणणारं आधी सुटतं. त्याने मनातून दुकान सोडलेलं असतं, मग भांडायचं तरी कशाला? तेव्हा जितेंद्रवर ओरडू नकोस. काय आवडत नाही ते विचार आणि ऐकून घे.

सरांनी दिलेलं दुसरं काम कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या पोरांचं आहे. ती कामाला कितपत तयार असतात ते मोजायचं. कंपनीवाले म्हणतात, मार्क भरपूर, पण जरा बोललं की तोंड पाडतात. मी म्हटलं, एक महिना माझ्या आईच्या दुकानात पाठवा.

दसऱ्याला यायला जमेल असं वाटत नाही. इथल्या एका कॉलेजात शिकवायचं काही चाललंय, नक्की झालं की सांगेन. मी छान आहे. मेसचं जेवणही छान आहे. काळजी करू नकोस.

तुझा ओरडा आहे तसाच राहू दे, ही विनंती.
तुझी सुरुची


जेसल पार्क, भाईंदर पूर्व
२२ सप्टेंबर २०२५

चि. सुरुचीस अ. आ.

आज घट बसले. साबुदाण्याची एवढी ऑर्डर आहे, तरी सगळं ठेवून लिहितेय.

जितेंद्रकडे गेले होते. आधी त्याचं पण छान छान चाललं होतं. मी म्हटलं, बोलल्याशिवाय मी जिना उतरत नाही. मग जो सुटला! आमटी पातळ, मंगळवार आला की दुधी, आणि मावशी, तुम्ही कुणाला बोलूच देत नाही. मी गप्प ऐकलं. माझं मलाच नवल वाटलं. त्याने शनिवारपासून डबा परत चालू केला. म्हणजे तुझा अभ्यास खरा आहे बाई.

खरा आहे म्हणूनच तेव्हापासून मला झोप लागत नाहीये. घरात होतीस तोवर तुझं काय काय असायचं. पोळी जाड, भाजीत खोबरं नको, आई हळू बोल, आई सगळे बघतायत. कोल्हापूरला गेलीस तेव्हा वर्षभर फोनवर रडायचीस, मेसची पोळी चामडं आहे म्हणून. मी म्हणायचे, गप खा. आता मेस छान. तू छान. मेसवाल्याने काय आचारी बदलला?

घर सोडलंयस का गं तू मनातून?

कॉलेजात काही चाललंय म्हणजे कायमची नोकरी ना? मग तसं लिही. आनंदाची बातमी कोणी अशी दडवून सांगतं? मी पेढे वाटीन. मागून रडेन, ते माझं मी बघेन.

इथे दुकानाचं अ‍ॅग्रीमेंट दसऱ्याला संपतंय. ती अफवा मालक ईश्वरभाईंच्या कानावर पण गेलीये. विचारून गेले, बेन, रखना है के छोडना है. दुसरी पार्टी तयार उभी आहे म्हणाले. मी सगळ्यांच्या तोंडाला लागणारी बाई, पण त्यांना एवढंच म्हटलं, लेकीला विचारून सांगते.

तू परत येणार असशील तर दुकान ठेवते, तुझी खोली झाडून ठेवते. तिथेच राहणार असशील आणि मी तिथे हवी असेन, तर सोडते. तवा काय, कोल्हापुरात पण तापतो. आणि तिथे राहायचंय पण आई नको असं असेल, तर तेही लिही. मी सही करून माझ्या पोळ्या लाटत बसेन, पण दर सणाला दाराकडे बघणं तरी थांबेल.

ईश्वरभाई मंगळवारी, तीस तारखेला सही घ्यायला येतायत. फोन करू नकोस, फोनवर तू छान म्हणशील. काय राग आहे, काय नको आहे, सगळं भांडून लिही. पण मंगळवारच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे.

तुझी आई