गंगव्वाचं फडकं

सोलापूर, वैशाख १९३१. सोमवार, दिवेलागण.

दुधनीकडच्या गावाहून आत्ताच परतलो. चहा पुढ्यात निवला. घ्यावासा वाटत नाही. काही वाटतच नाही.

नारूचा जंत विहिरीच्या पाण्यातून अंगात जातो, म्हणून गेल्या वर्षी गावात पाणी गाळायला फडकी वाटली. गाळणाऱ्या घरांत नारू दिसेना, म्हणून मी खुशीत होतो. आणि आज गंगव्वाच्या घोट्यातून नारू निघालेला. ओढताना तुटला, पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय. तिचं फडकं मात्र गावात सगळ्यांत स्वच्छ. दोरीवर वाळत होतं.

मी जरा चिडूनच विचारलं, "न गाळता प्यायलीस ना?"

"न्हाय डाक्तरसाब, रोज गाळते की." मग म्हणाली, "बाळंतपनानंतर विहीर पुजली, तवा तिचंच पानी तीर्थ म्हनून घेतलं. तीर्थ कुनी गाळतं व्हय?"

कोण गाळतं? आमच्या घरी तरी? वर्षभर पाणी पाणी करत फिरलो, हे कसं सुचलं नाही?

नारू अंगात वर्षभर गुपचूप वाढतो, हे मीच तिला सांगितलं होतं. तिच्या ते ध्यानात होतं. म्हणाली, "बाळाच्या तोंडात बी घातलं हुतं चमचाभर. त्येचं कसं?"

बाळ त्या फडक्याखालीच भिंत धरून उभं होतं. मी बसून त्याचे घोटे चाचपले. हाताला काही लागलं नाही.

"आज तरी काही नाही," म्हणालो.

ते हसलं आणि भिंत सोडून माझ्याकडे आलं. पहिलंच पाऊल म्हणे. घरातली सगळी हरखली. मी घोट्याकडेच बघत राहिलो.