नाव झाकून पाठव

तीर्थरूप आईस, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, त्यामुळे तुझे पहिले दोन प्रश्न निकालात निघाले.

हार्ट ब्लॉकच्या रुग्णांना पेसमेकरची तार कुठे बसवलेली बरी, याची आमच्याकडे तुलना चालू आहे. निम्म्यांना तुझ्यासारखी हृदयाच्या खालच्या टोकाला, निम्म्यांना मधल्या पडद्यात. त्यांच्या इको तपासण्यांवरून हृदयाचा जोर किती, हे मी नावं झाकून मोजते. या कामात माझा हात धरणारं इथे कुणी नाही!

टोकाच्या तारेवर बहुतेकांचं छान चालतं. काहींचं हृदय मात्र काही वर्षांनी थकतं. वेळेत कळलं तर त्यावर इलाज आहे, म्हणून घाबरू नकोस.

दादा म्हणाला, तू खाट खालच्या खोलीत आणलीस. वर उकडतं, हे त्याला सांग, मला नको. जिना चढताना दम लागतो ना?

या आठवड्यात इको काढ. फाईल मला नको, माझ्या मॅडमना पाठव. त्या नाव झाकून माझ्या ढिगात मिसळतील. तुझं नाव दिसलं, तर मी हवा तोच आकडा वाचीन.

तुझी, एरवी कधीही न चुकणारी,
धाकटी