गहाळ वलय

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाच्या. सामान अजून दारातच आहे, पण दूध तापवलं, दोन गाद्या घातल्या आणि भिंगरीनं दोन्ही खोल्यांतून तीन फेऱ्या मारून घर पास केलं. लेक सात वर्षांची आहे, पण तोरा मालकीणबाईंचा. खिडकीतून वनसंशोधन संस्थेची झाडं दिसतात, प्रत्येकाला पत्र्याचा नंबर ठोकलेला. त्यांची रोज हजेरी घेतात का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घेत असतील, सरकारी झाडं आहेत.

ट्रंक उघडली तर वर ह्यांचा तपकिरी मफलर. भिंगरीचे बाबा ऑगस्टमध्ये गेले, आता सहा महिने होतील. वास न घेता मफलर खाली घातला. नवी नोकरी, नवं घर. जमेल.

४ फेब्रुवारी

राष्ट्रीय वनसंशोधन संस्था म्हणजे मला वाटलं होतं, सगळीकडे हिरवंगार असेल. माझा विभाग तळघरात आहे आणि तिथे फक्त लाकूड. पडलेल्या, तोडलेल्या झाडांच्या आडव्या चकत्या, भाकरीएवढ्यांपासून बैलगाडीच्या चाकाएवढ्यांपर्यंत. त्यांची वलयं मोजायची. एक वलय म्हणजे एक वर्ष. कुठलं वर्ष ओलं, कुठलं कोरडं, ते वलयाच्या रुंदीवरून कळतं आणि त्यावरून पुढच्या वीस वर्षांत किती तोड चालेल ते धोरण ठरतं.

विभागात आम्ही तिघं. काका चकत्या पॉलिशपेपरनं घासून आरशासारख्या करतात, चाळीस वर्षं हेच. ताई माझी जोडीदार. मी मोजायचं, मग माझा आकडा न बघता तिनं मोजायचं, दोन्ही जुळले तरच कागद वर जातो. दर दहा वर्षांच्या वलयावर सुईनं एक टिंब टोचायचं, पन्नासाला दोन, शंभराला तीन.

काका सुई हातात देताना म्हणाले, टिंब दहालाच हं बाई. आपल्या आयुष्यातल्या सालांना नाही. लाकडाची सालं लाकडाची, आपली आपल्याकडे. ताई हसली, म्हणाली, काका प्रत्येक नव्या माणसाला हे प्रवचन देतात.

१३ फेब्रुवारी

हात बसलाय. भिंगाखाली बघताना डोक्यात दुसरं काही येत नाही, हे फार बरं आहे.

आज मोठी चकती आली. जानेवारीतल्या वादळात पडलेलं झाड, धोरणाच्या अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं. मी दोनशे तेरा मोजली. ताईचीही दोनशे तेरा. सालीला लागून असलेलं शेवटचं वलय गेल्या वर्षाचं. साधारण रुंद, फिकट. त्या वर्षी झाडाला काही झालेलं दिसत नाही.

मी बराच वेळ त्या वलयाकडे बघत बसले. मग त्यावर एक टिंब टोचलं. का, ते सांगता येणार नाही. कुठेतरी खूण असावी, एवढंच.

१४ फेब्रुवारी

छान झोप लागली, खूप दिवसांनी. सकाळी चहाचे दोन कप काढले. भिंगरी बघत राहिली. दुसरा कुणाचा, विचारलं. बाबांचा, मी म्हटलं, दौऱ्यावरून आज येतील ना. ती म्हणाली, आई, बाबा नाहीत ना आता. अगदी हळू म्हणाली, जणू मी लहान आहे.

रोजनिशी उघडली. तीन तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय. वाचलं. शेजारच्या कुणाची बातमी वाचावी तसं वाटलं. रडू आलं नाही.

कामावर चकती पुन्हा मोजली. दोनशे बारा. टोचलेलं टिंब नाही, ते वलयही नाही. ताईनं मोजलं, दोनशे बारा. आपलीच चूक म्हणून तिनं आकडा खोडला आणि शेऱ्यात लिहिलं, गहाळ वलय, एक. फार वाईट वर्षी झाड वलय धरतच नाही, त्याला आम्ही गहाळ वलय म्हणतो.

१७ फेब्रुवारी

हे मला कबूल करायचंय, म्हणून लिहिते. आज मी मुद्दाम टोचलं.

त्याच्या आधीचं वर्ष. ह्यांच्या दवाखान्याचं. ते अजून दुखत होतं: लांब बाक, नळ्या, भिंगरीचा डबा मांडीवर घेऊन बसणं. मला माहीत होतं काय होईल. टोचलं आणि माझा दुपारचा डबा खाल्ला.

१८ फेब्रुवारी

बाक, नळ्या असं काल लिहिलंय. कुणाच्या, कोण जाणे.

हलकं वाटतं. सुई धरायची दोन बोटं मात्र बधिर झालीत. चहाचा कप तापलेला असला तरी कळत नाही.

२० फेब्रुवारी

आता मी टोचत नाहीये. तरी रोज सकाळी एका वलयावर टिंब असतं आणि संध्याकाळपर्यंत ते वलय नसतं. दर वेळी एक आत. आज दोनशे नऊ.

भिंगरी म्हणाली, आठवतं, मी पडले होते, ओठाला टाके घातले होते? तिच्या ओठावर व्रण आहे खरा. मी म्हटलं, हो, आठवतं.

२१ फेब्रुवारी

काकांना सगळं सांगितलं. ते घासायचं न थांबवता ऐकत होते. त्यांनीही एकदा टोचलं होतं, बायको गेली तेव्हा, असं त्यांच्या जुन्या वहीत लिहिलंय म्हणे. एकच. पुढचं आपोआप. थांबतं का, असं विचारलं. थांबतं की, म्हणाले, घ्यायला काही उरलं नाही की थांबतं. मला दोन मुलं आहेत, असं लोक म्हणतात. दिवाणखान्यात बसतात, मी चहा करतो. चांगली माणसं आहेत.

मग त्यांनी चकतीवर फुंकर मारली. सांगितलं होतं ना बाई, म्हणाले. रागानं नाही.

वरच्या साहेबांना म्हटलं, ही चकती दुसऱ्या कुणाला द्या. अहवाल तोंडावर आलाय, म्हणाले, आणि तुमचे आकडे तर ताईंशी जुळतायत.

२२ फेब्रुवारी

सुई टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली ताईला दिली.

आज वलयं दोनशे सात होती. भिंगरीच्या जन्माचं वर्ष दोनशे सहावं. म्हणजे दोन दिवस. ताई म्हणाली, चेहरा बघ तुझा, सुट्टी घे.

दुखत होतं तेच बरं होतं. ते सगळं परत दिलं तर घेईन, बाकासकट—

२३ फेब्रुवारी

लिहून ठेवते. उद्यासाठी.

ती माझी मुलगी आहे. भिंगरी म्हणतो, कारण एका जागी ठरत नाही. दूध नाक दाबून पिते. ओठावर डावीकडे व्रण. झोपताना माझा कान धरते. पोळीची फक्त कड खाते. शाळा साडेबाराला सुटते, तिला रस्ता माहीत आहे, दार उघडायचं. दार उघडायचं.

मफलर तिला दिला. तिनं वास घेतला.

दोनशे सहा.

२४ फेब्रुवारी, सकाळी

ते वलय आता सगळ्यात बाहेरचं. सालीला टेकलंय. मी त्यावर तळवा ठेवून बसलेय, डाव्या हातानं लिहिते. हलणार नाही. सुई कुलपात आहे.

ताई येऊन म्हणाली, अगं, तू काल संध्याकाळी किल्ली परत मागून नेलीस ना.

तळवा उचलला. सुई माझ्याच दोन बोटांत आहे. बोटांना हल्ली काही लागत नाही. टिंब—

ताजं आहे.

२४ फेब्रुवारी, दुपारी

ताईनं घरी पाठवलं. बरं वाटतंय. दोनशे पाच, आकडे जुळले.

घर मोठं आहे एकटीला. दोन गाद्या का मागवल्या असतील.

कालचं पान वाचलं. अक्षर माझं. दार उघडायचं, असं दोनदा लिहिलंय.

कुणीतरी दार वाजवतंय. छोटी मुलगी आहे, गळ्यात मोठ्या माणसाचा मफलर, ओठावर डावीकडे व्रण. चुकून आली असणार. खिडकीतून मी सांगितलं, बाळ, तुझं घर दुसरं असेल. ती पायरीवर बसली. रडत नाही. आई, कान दे ना, असं काहीतरी म्हणतेय.

गोड आहे. इतक्या लहान मुलीला एकटं कसं सोडतात. दार उघडते आणि विचारते, कुणाची गं तू, तुझी आई कुठे—