काफिला उंटांचा असतो

मोखाडा,
१२ फेब्रुवारी १९७९

प्रिय मुनिरा,

माझं अक्षर तू पाकिटावरच ओळखलं असशील. तुझ्या शुद्धलेखनाच्या वह्या लाल शाईने इतक्या रंगवल्या आहेत की न ओळखून सांगतेस कुणाला! भिवंडीत तूही आता शाळेत शिकवतेस, हे तुझ्या बहिणीकडून, राबियाकडून कळलं. अब्बा तुझ्याकडेच आहेत आणि महिनाभर अंथरुणावरून उठलेले नाहीत, हेही तिनेच सांगितलं. तेव्हापासून हे पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. शेवटी काल आमच्या घरी कामाला येणारी काशी म्हणाली, "लिवा आता, नायतर मीच जाते भिवंडीला." ती जाईलही, तुला ठाऊक आहे.

पासष्ट सालचा सप्टेंबर आठवतो? लढाई चालू होती. प्रत्यक्ष युद्ध पाहिलेला माणूस वर्गात बोलवावा, ही कल्पना माझ्याच सुपीक डोक्यातली. माझ्या माहितीत तसे एकच, तुझे अब्बा. बाजारात भांड्यांना कल्हई करण्याआधी, दुसऱ्या महायुद्धात सत्तारभाई मालवाहू जहाजावर आगवाले होते, म्हणजे जहाजाच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकणारे. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून, टोपी नीट बसवून आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. तू सहावीत, दुसऱ्या बाकावर. तुझी मान किती ताठ होती तेव्हा!

ते म्हणाले, "काफिला होता आमचा, गुरुजी. चाळीसच्या वर जहाजं. बकरी ईद होऊन चौथा रोज." त्या संध्याकाळी पाणबुडीने शेजारच्या रांगेतलं जहाज फोडलं. त्यावर चितगावचा कुतुबुद्दीन होता, आधीच्या जहाजावर अब्बांबरोबर एका ताटात जेवलेला. अब्बा वर आले तेव्हा पाण्यातल्या माणसांच्या अंगावरचे लाल दिवे हलत होते, हाका ऐकू येत होत्या, आणि यांचं जहाज थांबलं नाही. उलट यांना लगेच खाली पाठवलं, भट्टी पेटती ठेवायला. "मीच कोळसा मारला, गुरुजी. मीच त्याला सोडून आलो. तुम्ही एवढी किताबं वाचता. त्या लोकांना कोणी उचललं का, लिहिलंय का कुठं?"

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, सत्तारभाई, काफिला उंटांचा असतो, तुमची जहाजं वाळवंटातून जात होती वाटतं? बुडत्या माणसांना टाकून कुणी पुढे जातं का, आणि तारखा काय ईदवरून सांगतात! सगळा वर्ग खदखदून हसला. माझ्याजवळ तेव्हा ज्ञान ते किती? शाळेच्या पुस्तकात ते सबंध युद्ध पावणेदोन पानांत उरकलेलं, आणि समुद्राच्या वाट्याला दोन ओळी. तेवढ्यावर मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. शिवाय, आज खरं सांगतो, चितगाव तेव्हा पाकिस्तानात होतं. ऐन लढाईत तिथल्या माणसाची चौकशी माझ्या वर्गात कशाला, अशी भीतीही वाटली. ती झाकायला विनोद केला.

तूही हसलीस, मुनिरा. गुरुजी हसतात म्हणून हसलीस. अब्बांनी एकदाच तुझ्याकडे पाहिलं, "बरं, गुरुजी" म्हणाले आणि चपला घालून गेले. पुढे बाजारात पोरं त्यांना 'उंटवाले' म्हणू लागली. माझ्या कानांवर येत होतं, मी एकालाही दटावलं नाही. त्यांनी मात्र आमच्या घरच्या भांड्यांना कधी हलक्या हाताने कल्हई केली नाही. समुद्राचं नाव तेवढं पुन्हा काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला डोळे तपासायला गेलो होतो. तिथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक इंग्रजी ग्रंथ दिसला. त्या युद्धातल्या समुद्रावरच्या लढायांचा इतिहास, तीन खंडांतला फक्त दुसरा, सहाशे पानांचा. कशासाठी घेतला, सांगू? आगवाल्याची थाप पकडायला. जित्याची खोड! शब्दकोश मांडीवर घेऊन चार महिने वाचत होतो. आधी फार कंटाळा आला. कोणतं जहाज कितव्या रांगेत, वारा कुठला, सूर्य किती वाजता मावळला, एवढं बारीकसारीक कुणाला हवं असतं? चारशे अकराव्या पानावर कळलं. तुझ्या अब्बांना हवं होतं.

त्रेचाळीस जहाजं. २३ डिसेंबर १९४२. जव्हारच्या मौलवींकडून त्या सालच्या ईदचा हिशेब करून घेतला, दिवस तंतोतंत जुळला. कुणीही थांबायचं नाही असा हुकूमच होता, कारण थांबलेलं जहाज पाणबुडीला आयतंच सापडतं. आणि म्हणूनच सगळ्यांच्या मागे एक लहान जहाज ठेवलेलं होतं, खास माणसं उचलण्यासाठी. त्याने त्या संध्याकाळी एकोणतीस जणांना पाण्यातून वर काढलं. त्यांत अकरा हिंदी आगवाले. एवढ्या जाड ग्रंथात कप्तानांची नावं आहेत, जहाजांची आहेत, आगवाल्यांची नाहीत. पण आकडा आहे.

हे सगळं मला दोन वर्षं ठाऊक आहे. दर बाजाराला पुस्तक पिशवीत घालून निघायचो आणि अब्बांच्या भात्याचा आवाज आला की भाजीवाल्यांच्या बाजूने वळायचो. गुरुजी चुकले, हे म्हणायला जीभ उचलत नव्हती. पुढच्या बाजाराला सांगू, पुढच्या बाजाराला सांगू, असं करता करता एका बाजाराला त्यांची जागा रिकामी दिसली. लाज वाटते म्हणजे काय, हे मी साठीला आल्यावर शिकलो.

सोबत त्या प्रकरणाचं मराठी करून पाठवतो आहे, चार कागद झाले. अब्बांच्या उशाशी बसून मोठ्याने वाच. कुतुबुद्दीन त्या अकरांत होताच, असं सांगू नकोस. ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं ठणकावून सांगणं आता पुरे झालं. पण मागून एक जहाज येत होतं, एवढं त्यांना कळू दे. त्या दिवशी तू का हसलीस, तेही सांग. जमलं तर विचार, मी येऊन पायाशी बसलो तर चालेल का. आणि एक राहिलं. भाषांतर करताना त्या जहाजांच्या समूहासाठीचा इंग्रजी शब्द शब्दकोशात पाहिला. पुढे दोनच अर्थ दिले आहेत, ताफा आणि काफिला. पासष्ट साली हाच शब्दकोश वर्गातल्या कपाटात होता, अब्बा उभे होते त्यांच्या पाठीमागे. मी सगळीकडे 'काफिला'च लिहिलं आहे. सहा ठिकाणी आला आहे, तिथे आवाज जरा चढव.

लाल शाई आता तुझ्या हाती आहे, हवी तिथे वापर.

तुझाच,
मधु गुरुजी