मडगार्ड बसेपर्यंत

११ जुलै १९५४, रविवार
सायकलवर पहिला लांबचा प्रवास. गोंदिया ते नागरा, तीन मैल. निमित्त, मेहुणा दुधराम याच्या मुलाचं बारसं. पुढच्या दांडीवर बायको चंद्रकांता, अंगावर नवं पोपटी लुगडं.

सायकल साधी नव्हे. रेल्वेचे एक साहेब बदलीवर जाताना मला देऊन गेले. रेसिंग मॉडेल. फिक्स चाक, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. मडगार्ड नाहीत. गोंदियात अशी दुसरी नाही. आमच्या राईस मिलच्या मॅनेजरकडेसुद्धा नाही.

रस्त्यात चिखल. नागरा येईपर्यंत चंद्रकांता ओळखू येईना. बारशाच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी उतरल्याबरोबर खांद्यावरचा दुपट्टा काढून आधी सायकल पुसून घेतली. चिखल वाळला की रंग जातो, उशीर करून चालत नाही. मग दुपट्टा तिला दिला. तिने घेतला नाही.

संध्याकाळी परत निघायला तयार होईना. म्हणाली, तुमी जा, तुमची सायकल थांबून आहे. कारण उघड आहे. मडगार्ड नाहीत.

१४ जुलै
निश्चय: मडगार्ड बसवायचे आणि मगच तिला आणायला जायचं. आठ दिवसांचं काम.
हिरालाल मिस्त्रीला सायकल दाखवली. त्याने टायर आणि फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, मधे करंगळी घालून पाहिली. गेली नाही. म्हणाला, बाबूजी, उंगली नहीं जाती, मडगार्ड किधर से जाएगा? मिस्त्री चांगला, पण माणसाला दृष्टी नाही.

१९ जुलै
नागपूरला मडगार्डची ऑर्डर पाठवली. निकेलचे, मागे छान वळलेली शेपटी.
आई विचारते, सून कवा येते? मी म्हटलं, काम प्रोग्रेसमध्ये आहे. ती म्हणाली, मीच जाऊन आणतो ना तिले. मी नाही म्हटलं. नवरा धडधाकट असताना सासूने आणायला जावं, म्हणजे नागऱ्याचे लोक काय म्हणतील?

३ ऑगस्ट
मडगार्ड आले! आरशात पाहावं तसं तोंड दिसतं. मागचा बसला, पण चाक त्याला घासतं. पुढचा बसतच नाही.
रात्री जेवण गेलं नाही. भात फडफडीत झाला होता, दुसरं काही कारण नाही.

९ ऑगस्ट
आयडिया माझी. पुढचा मडगार्ड फोर्कपाशी कापून दोन तुकडे करायचे. अर्धा पुढे, अर्धा मागे, मधे रिकामं. हिरालालने कापताना डोळे मिटून घेतले.
दुधराम बाजाराला आला होता. सासऱ्यांचा, बकारामजींचा निरोप: पोळ्याच्या आत येऊन पोरगी घेऊन जावं. मी त्याला मडगार्ड दाखवले. तो म्हणाला, भाटोजी, बहीण दारात बसून रायते दिवसभर. मी म्हटलं, तिला सांग, दोन्ही निकेलचे आहेत.

१७ ऑगस्ट
मडगार्डच्या आधाराच्या सळ्या, म्हणजे स्टे, बांधायला फोर्कला भोकंच नाहीत. टिनवाल्याकडून क्लिपा करून घेतल्या. दोन तुटल्या.
तिची फणी खिडकीत आहे. हलवली नाही, उगाच जागा बदलली तर आल्यावर तिला सापडणार नाही.

२८ ऑगस्ट, पोळा
आज फायनल. सकाळी निघालो. नागऱ्याच्या अलीकडे वळणावर बुटाचं टोक मडगार्डमध्ये अडकलं. साधी सायकल असती तर पाय थांबवला असता. इथे पायडल काही थांबेना. मी आणि सायकल दोघे धानाच्या बांधीत, चिखलात. बैल धुऊन परतणाऱ्या दोघांनी बाहेर काढलं. एक म्हणाला, जावई होये वाटते बकारामचा.
घर तिथून दिसत होतं. दारात कोणीतरी बसलेलंही दिसलं. पण अशा अवतारात जाणं बरोबर दिसलं नसतं. माणसाला इज्जत असते. परत फिरलो.
पोळ्याची मुदत एका दिवसाने चुकली तर बकारामजी समजून घेतील. समजूतदार आहेत.

१२ सप्टेंबर
नागऱ्याहून शालीकराम आला. जातीच्या पंचांचा माणूस. पुढच्या रविवारी देवळापाशी बैठक आहे, तुमच्याच घरचा विषय आहे, हजर राहा, असं बजावलं. मी म्हटलं, रविवारी हिरालाल पुढचं टोक चार बोटं कापून देणार आहे, जमणार नाही. तो जायला उठला. मग म्हणाला, जो बैठकीले येत नाई, त्याले मंजूर हाये असं धरते. मी म्हटलं, धरा.
मंजूर म्हणजे काय? समेटच असणार. समेट मला मंजूरच आहे.

२० सप्टेंबर
बैठक झाली म्हणतात. मला कोणी सांगायला आलं नाही, म्हणजे सगळं ठीक.
मी गेलो नाही म्हणून आई कालपासून रुसली आहे. म्हातारपण.

१० ऑक्टोबर
बसले! दोन्ही. घासत नाहीत, बूट लागत नाही, आवाज नाही. हिरालालने स्वतःच्या पैशाने चहा पाजला. तीन महिन्यांनी मी हसलो, असं तो म्हणाला. मी कधी बंद केलं होतं?
आता लगेच जाणार होतो, पण दिवाळी आली. भाऊबीज झाल्याशिवाय कोणती बाई माहेर सोडते? थांबतो. विचारी माणूस घाई करत नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार
गेलो. रस्ता कोरडा ठणठणीत, नुसती धूळ. एक थेंब उडाला नाही, उडण्यासारखं काही नव्हतंच.

बकारामजींनी चटई टाकली. नेहमी जावईबापू म्हणतात, आज यादोराव म्हणाले. म्हणाले, तुमी बैठकीले आले नाई. पंचांनी तुमच्या नावाची काडी शालीकरामच्या हातानं मोडवली. पोरगी मोकळी झाली. आता चिचगडच्या एका घरी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरला आहे, पुढच्या सोमवारी. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

चंद्रकांता पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. वाळली आहे. विचारलं, आता काऊन आले?

वाटेभर मी पाठ करत आलो होतो, चंद्रे, घरी चल, मला तुझ्याशिवाय करमत नाही. तेवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, मडगार्ड बसले.

तिने सायकलकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, पुढून आणि मागून. म्हणाली, साजरे दिसून राहिले. लोटा खाली ठेवला आणि आत गेली. पाणी मी पिऊन आलो. तिच्या हातचं होतं.

घरी आलो तेव्हा आई दारात उभी. नवं लुगडं नेसली होती, अंगण सारवलं होतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे रस्त्यावर पाहत होती. म्हणाली, मागून पायी येऊन राहिली का?

मी हो म्हटलं.